चाक काढा, मोजा, आकडा लिहून द्या

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील इलेक्ट्रिक मोटारींचे सर्व विक्रेते
आणि त्यांच्या सर्व्हिस सेंटरचे व्यवस्थापक यांस,

विषय : इलेक्ट्रिक गाड्यांच्या सर्व्हिसिंगमध्ये ब्रेक आणि टायर प्रत्यक्ष मोजून त्याची नोंद जॉबकार्डवर देण्याबाबत.

स.न.वि.वि.

तुमच्या शोरूममध्ये गाडी बघायला आलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं : "साहेब, हिला मेंटेनन्सच न्हाई." पुढची यादी ठरलेली. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही, सायलेन्सर नाही. यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि इलेक्ट्रिक गाडीची ती मोठी जमेची बाजू आहे. पण यादीच्या शेवटी "ब्रेक पॅडकडे तर लाखभर किलोमीटर बघायचं कारण नाही" असंही सांगितलं जातं, आणि त्या वाक्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. पॅड लाखभर किलोमीटर टिकू शकतं. बघायचं कारण नाही, हे मात्र साफ खोटं आहे. आणि आपल्याकडचा पाऊस आणि आपले घाट लक्षात घेता ते धोक्याचंही आहे.

माझी मागणी एकच आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीची चारही चाकं काढा, ब्रेक आणि टायर मोजा, आणि आलेले आकडे जॉबकार्डवर लिहून मालकाच्या हातात द्या. "ब्रेक चेक – ओके, टायर चेक – ओके" हा शेरा बंद करा.

मी जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज तुमच्या वर्कशॉपमध्ये बे (गाडी दुरुस्तीला उभी करायची जागा) सांभाळतात, काही सुपरवायझर झालीत. ती भेटतात, बोलतात. त्यामुळे वर्कशॉपमध्ये काय होतं आणि बिलावर काय छापून येतं, यातलं अंतर मला ठाऊक आहे. ही पोरं कामचुकार नाहीत. त्यांना एका गाडीमागे जेवढा वेळ दिला जातो तेवढ्यात चाक खोलणं बसतच नाही, ही खरी गोष्ट आहे.

गेल्या पावसाळ्यातली एक गाडी सांगतो. मेहुण्यांची. गारगोटीहून कोल्हापूरला रोजची ये-जा. सर्व्हिसिंग होऊन गाडी घरी आली, जॉबकार्डवर दोन्ही ओके लिहिलेले, आणि आठवड्याभरात मागच्या डाव्या चाकातून कुरकुर यायला लागली. गाडी माझ्या दारात आणली. पाना लावण्याआधीच दिसलं की नटांच्या खाचेत चिखल वाळून घट्ट बसलाय, म्हणजे चाक खोललेलंच नव्हतं. बाहेरून, अलॉयच्या काड्यांमधून बघितलं तर डिस्क, म्हणजे पॅड जिच्यावर घासतं ती चाकाबरोबर फिरणारी चकती, चकचकीत. चाक काढलं, मागे टॉर्च घेऊन डोकावलो, तर आतली बाजू तपकिरी. कडेला गंजाची कंगोरेदार रेघ उभी राहिलेली. आतलं पॅड ब्रॅकेटच्या खाचेत गंजून असं बसलेलं की हातोडी आणि पेचकस लावून ठोकल्याशिवाय बाहेर येईना. ते हलतच नसल्यामुळे सगळं काम बाहेरचं एकटं पॅड करत होतं. आणि बाहेर काढल्यावर त्या आतल्या पॅडचं लायनिंग (घासणारा थर) मोजलं तर जवळपास नव्याइतकं जाड. झीज म्हणून बघाल तर पॅड शंभर टक्के ओके. ब्रेक म्हणून बघाल तर त्या चाकाचा निम्मा ब्रेक बंद.

इलेक्ट्रिक गाडीच्या ब्रेकची गंमत इथेच आहे, आणि ती ग्राहकाला कुणी समजावून सांगत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटार जनरेटर होते, गाडीचा वेग खेचून घेते आणि त्याची वीज करून बॅटरीत परत टाकते. यालाच रिजनरेशन म्हणतात. दाभोळकर कॉर्नरवरून व्हीनस कॉर्नरपर्यंत गर्दीत जाताना सराईत माणसाचा पाय ब्रेकवर क्वचितच जातो. म्हणून पॅड टिकतं. पण पेट्रोल गाडीत दर ब्रेकला पॅड डिस्कवर घासतं तेव्हा वेग कमी होण्याबरोबर आणखी एक काम होत असतं : डिस्कवर आलेला गंज पुसला जातो, पॅड खाचेत मागेपुढे सरकत राहतं, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) स्लाइड पिना हलत्या राहतात. इलेक्ट्रिक गाडीत ही रोजची हालचाल कमी होते. झीज कमी झाली तशी साफसफाईही कमी झाली.

डिस्क बिडाची असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांत बीड ओतून मोठ्या झालेल्या गावाला गंज काय असतो हे मी सांगायला नको. यार्डात एक पावसाळी रात्र उघड्यावर राहिलेलं कास्टिंग सकाळी तांबूस झालेलं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली. त्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा या भागांतल्या गाड्या तर चार महिने कोरड्या होतच नाहीत. पंचगंगेला फुग आली की चिखलाच्या पाण्यातून गाडी काढणंही नवं नाही, आणि त्या पाण्यातला बारीक गाळ पिनेच्या रबरी बुटाला कुठे चीर असेल तर थेट आत जातो.

मालकांना घाबरवायचं नाही, म्हणून हेही सांगतो. गाडी धुतल्यावर किंवा रात्रभर पावसात उभी राहिल्यावर डिस्कच्या तोंडावर येणारा तांबूस थर ही काळजीची गोष्ट नाही. चार-सहा वेळा ब्रेक दाबला की तो जातो. काळजी करायची ती जिथे पॅड पोहोचत नाही आणि मालकाची नजरही पोहोचत नाही तिथली : पॅडचे कान ज्या खाचेत बसतात ती जागा, स्लाइड पिना, डिस्कची आतली बाजू, पॅडची लोखंडी पाठ. ही पाठ आतून गंजली तर लायनिंग तिच्यावरून सुटायला लागतं. पॅड अडकून डिस्कला सतत घासत राहिलं तर चाक तापतं आणि रेंज घटते. मालक बॅटरीला दोष देत तुमच्याकडे येतो, तुम्ही बॅटरीची तपासणी करता, ती चांगली निघते, आणि चाक तसंच राहतं.

स्वस्तातल्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे बंद डब्यातले ब्रेक, असतात आणि लोक त्यांना कमी लेखतात. ते चूक आहे. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागच्या बाजूला मुद्दाम ड्रमच दिले, कारण मागच्या ब्रेकचं काम आता थोडं आहे आणि बंद ड्रममध्ये पाणी-चिखल कमी जातो. ड्रम चांगलाच, पण तो बंद आहे म्हणून उघडायचाच नाही, असं होत नाही. आत साचलेली पूड, व्हील सिलिंडरची गळती, ताठर झालेली ॲडजस्टरची यंत्रणा, हे ड्रम ओढल्याशिवाय कळत नाही.

यावर उपाय महागडा नाही. पाऊस संपल्यावर एकदा, दसरा-दिवाळीच्या सुमारास, कॅलिपर उघडून पॅडचे कान आणि खाच तारेच्या ब्रशने साफ करणे, पिना बाहेर काढून पुसणे, त्यांना रबराला न खाणारं, उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावणे, बूट फाटलेला असेल तर बदलणे. शिकलेल्या हाताला दीड-दोन तासांचं काम. बाकीच्या वेळी मालकाने स्वतः करायची गोष्ट तर फुकटची आहे : ज्या गाडीत रिजनरेशनची पातळी शून्यावर आणता येते, तिथे आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, ती शून्यावर आणायची आणि चार-पाच वेळा नेहमीपेक्षा जरा जोरात ब्रेक मारायचा. एवढ्याने डिस्क स्वच्छ राहते. काही गाड्यांत ब्रेक पेडल दाबलं तरी आधी मोटारच काम करते, तिथे कंपनीच्या पुस्तकात काय सांगितलंय ते बघावं लागतं. गाडीची किल्ली देताना पेढ्यांच्या पुड्याबरोबर ही दोन वाक्यं सांगायला किती वेळ लागतो?

आता घाटाबद्दल. हा भाग मी जास्त सविस्तर लिहितोय, कारण चूक झाली तर भरून न येणारी आहे.

कोल्हापूरकर सुट्टी मिळाली की कोकणात उतरतो. आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, कुठला ना कुठला घाट आलाच. पेट्रोल-डिझेलवर शिकलेल्या माणसाला "उताराला खालचा गिअर टाक, ब्रेकवर उतरू नको" हे बापाने शिकवलेलं असतं. इलेक्ट्रिक गाडीत त्या गिअरचं काम रिजनरेशन करतं, आणि फार छान करतं. हिशेब करून बघा. दीड हजार किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा साधारण दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. दोन किलोवॅटचा गिझर तासभर चालवण्याइतकी. थोडी हवेच्या आणि रस्त्याच्या विरोधात जाते. उरलेली एक तर बॅटरीत जाईल, नाही तर ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाईल. तिसरी वाट नाही.

बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती ही ऊर्जा घेऊ शकत नाही. मग गाडी रिजनरेशन आपोआप कमी करते किंवा बंद करते. समजा, एखाद्याने घाटमाथ्यावर चहा घेता घेता शंभर टक्के चार्ज केलं आणि लगेच उताराला लागला. रोज पाय उचलल्यावर अडवणारी गाडी आज मोकळी सुटते. सगळा भार, आणि गाडीचं वजन पेट्रोलवालीपेक्षा दोन-तीनशे किलोंनी जास्त, त्या ब्रेकवर येतो ज्याला वर्षभरात फारसं काम पडलेलं नाही आणि ज्याचं चाक सर्व्हिसिंगला खोललेलं नाही. कोकणात उतरण्याआधी ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवा, हे गाडी विकताना सांगितलंच पाहिजे. कोल्हापुरातून विकलेल्या गाडीबरोबर तरी सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या एखाद्या सपाट जिल्ह्यात नाही सांगितलं तर चालेल एक वेळ.

त्यात ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. गाडी चालो किंवा उभी राहो, पॅड झिजो वा न झिजो. डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल तळाला टेकलं तरी चाक थांबत नाही. "पॅड नवीनच आहे, ब्रेक ऑइल कशाला बदलायचं" असं काउंटरवरून उत्तर मिळालेले मालक मला भेटलेत. पॅडचा आणि ऑइलच्या वयाचा संबंध नाही. कंपनीच्या पुस्तकात जी मुदत दिली असेल, बहुतेक ठिकाणी ती दोन वर्षांच्या आसपास असते, ती पाळायची. ओल मोजायचं पेनासारखं यंत्र मिळतं. ते बुडवा, आलेला टक्का जॉबकार्डवर लिहा, एवढंच मागतोय.

टायरची गोष्ट ब्रेकच्या उलट आहे. ब्रेक कमी झिजतात, टायर जास्त. कारणं तीन आणि तिन्ही तुम्हाला पाठ आहेत : गाडीचं वजन, जागेवरून निघतानाच मिळणारा पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर), आणि ओढायलाही तीच चाकं, थांबवायलाही तीच. नेक्सॉन किंवा टियागो इलेक्ट्रिकला पुढची दोन, कॉमेट किंवा बीई ६ ला मागची दोन. टेस्ट ड्राइव्हला तुमचा पोरगा सांगतो, "दाबा साहेब, पाठ सीटला चिकटत्या बघा." चिकटते खरी. पण तसं रोज दाबलं तर टायरच्या रबराचं काय होतं, तेही त्याच दमात सांगायला हवं.

पायाचा दोष मालकाचा, तो त्याला लखलाभ. माझी तक्रार मोजण्याबद्दल आहे. टायरची खाच म्हणजे ट्रेड मोजायचं गेज दोन-तीनशे रुपयांना मिळतं. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते, आणि १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मोटारीला चालवणं नियमात बसत नाही. (माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली मी हायवेला गाडी काढणार नाही. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो.) हे गेज टायरच्या बाहेरच्या खाचेत घालून बघितलं म्हणजे मोजणं झालं नाही. बाहेर, मध्ये आणि आत, तीन ठिकाणी मोजावं लागतं.

मेहुण्यांच्याच गाडीचा पुढचा उजवा टायर सांगतो. उभं राहून बघितलं तर बरा दिसत होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गुडघ्यावर बसून हात आत घातला. बाहेरच्या खाचेत ५, मधल्या खाचेत साडेचार, आतल्या खाचेत २. आतल्या कडेवरून बोटं एका दिशेने फिरवली तर गुळगुळीत, उलट फिरवली तर करवतीच्या दात्यांसारखी टोचत होती. म्हणजे अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषा) कधीतरी गेलं होतं आणि टायर दर किलोमीटरला थोडा तिरका घासत होता. खड्डे, उंच स्पीडब्रेकर आणि हायवेच्या सहापदरीकरणाचे ते डायव्हर्जन यांतून रोज जाणाऱ्या गाडीचं अलाइनमेंट जाणार नाही तर काय? या कडेचा एक बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता. पेट्रोल गाडीत तो इंजिनाखाली दबून जातो. इथे इंजिन नाही, म्हणून तो स्पष्ट ऐकू येतो, आणि मेहुण्यांना तो बेअरिंगचा आवाज असल्याचं सांगितलं गेलं होतं. बेअरिंग ठणठणीत होतं.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल, म्हणजे रोटेशन, केली असती आणि तीन आकडे लिहिले असते, तर दुसऱ्याच सर्व्हिसिंगला कळलं असतं की आतला आकडा पळतोय. एकटा आकडा फार काही बोलत नाही. मागच्या वेळचा आकडा शेजारी असला की तो बोलायला लागतो. म्हणूनच जॉबकार्डवर लिहायचा हट्ट आहे. तोंडी सांगितलेला आकडा दारातून बाहेर पडेपर्यंत विसरला जातो.

हवेचंही तेच. पंपावर सवयीने सगळ्या गाड्यांना ३२-३३ भरून देतात. गाडीला किती लागते ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि जड गाडीला ते बहुधा जास्त असतं. कमी हवेत टायरचे खांदे, म्हणजे दोन्ही कडा, झिजतात, रेंज जाते. हे स्टिकर ग्राहकाला बोट ठेवून दाखवा.

आणि टायर बदलायची वेळ आली की मालक तुमच्याकडे येत नाही, तो शाहूपुरीतल्या नाही तर हायवेवरच्या दुकानात जातो, साइज सांगतो आणि त्यातल्या त्यात स्वस्त टायर घालतो. साइज तीच असते, पण साइजच्या पुढे लिहिलेला भारांक कुणी वाचत नाही. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. गाडी ९५ सांगत असेल आणि ९१ चा टायर बसला तर चार चाकांत मिळून तीनशे किलोंची सोय कमी झाली, आणि तीही नेमकी जड गाडीला. दुसरं, कंपनीने घातलेला टायर कमी विरोधाने लोळणारा असतो. साधा टायर घातला की रेंज खाली येते. पुन्हा बॅटरीवर खापर. विक्रेत्यांनी आपल्या प्रत्येक मॉडेलचा टायर साइज, भारांक आणि हवेचा दाब यांचं एक मराठी कार्ड छापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावं. खर्च काही रुपयांचा.

जॅकचं तर मी हात जोडून सांगतो. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चरचं किट असतं, म्हणजे गाडी पंक्चरवाल्याच्या दारात जाणारच. तो बिचारा सवयीने गाडीखाली जिथे सपाट दिसेल तिथे जॅक लावतो. इलेक्ट्रिक गाडीत खालचा तो सपाट भाग म्हणजे बॅटरीची पेटी. तिला पोचा आला तर किंमत लाखांत जाते. जॅक कुठे लावायचा याचं चित्र त्याच कार्डावर छापा. कागलपासून किणी टोलनाक्यापर्यंतच्या पंक्चरवाल्यांना एक दुपार बोलवा, गाडी उचलून दाखवा. कष्टाची माणसं आहेत, दाखवलं की शिकतात.

तुमचं आर्थिक गणित मला कळतं. वर्कशॉप ऑइल, फिल्टर आणि क्लचप्लेटवर चालायचं. इलेक्ट्रिक गाडीच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये केबिन फिल्टर, कूलंटची पातळी, गिअरबॉक्सच्या ऑइलची तपासणी, बारा व्होल्टची छोटी बॅटरी आणि सॉफ्टवेअर, याच्यापलीकडे बिलाला धरण्यासारखं थोडं उरतं. म्हणून गाडी आत येते, धुतली जाते, स्कॅनर लावला जातो आणि तासाभरात बाहेर जाते. स्कॅनर बॅटरीचा एकेक सेल सांगेल. अडकलेलं पॅड आणि टायरची आतली कड तो सांगत नाही.

तेव्हा पैसे घ्या. चार चाकं खोलून ब्रेक-टायर मोजण्याचा वाजवी दर भिंतीवर लावा आणि तो घ्या. कोल्हापूरचा माणूस रोखठोक आहे, पण झालेल्या कामाचे पैसे द्यायला तो कां-कूं करत नाही. न झालेल्या कामाच्या "ओके"ला मात्र तो एकदाच फसतो.

"ईव्हीचं ट्रेनिंग झालेला माणूस आमच्याकडे एकच आहे," हेही कारण ऐकलंय. मान्य, जास्त दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी केबलला हात लावायला प्रशिक्षित माणूसच हवा, हातमोजे हवेत, त्यात तडजोड नको. पण चाक, पॅड, पिना आणि टायर यांसाठी त्या केबलच्या वाटेला जावं लागत नाही. ज्या गाडीला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आहे, तिथे मागचा कॅलिपर उघडण्याआधी स्कॅनरवरून सर्व्हिस मोड लावायचा, आणि ज्या गाडीत ब्रेकचा दाब इलेक्ट्रॉनिक्सवर चालतो तिथे कंपनीने सांगितलेल्या क्रमाने यंत्रणा बंद करायची, एवढं पथ्य पाळलं की हे काम आयटीआय झालेला कुठलाही चांगला पोरगा करतो.

एक गोष्ट गाडीच्या बाहेरची, पण सोडवत नाही. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या यूरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीला मर्यादा घातली : बहुतेक गाड्यांना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, निव्वळ इलेक्ट्रिकला ३. म्हणजे या गाडीच्या ब्रेकची धूळ कमी असू शकते हे नियमानेच धरलंय. टायरच्या झिजेलाही त्या नियमांत जागा आहे. तिरका घासणारा टायर जे रबर रस्त्यावर सोडतो ते पहिल्या पावसात गटारात, तिथून जयंती नाल्यात आणि पुढे पंचगंगेत जातं. नदीच्या प्रदूषणाला दुसरी मोठी कारणं आहेत, हे मला कळतं. पण स्वच्छ गाडी म्हणून जी आपण विकतो, तिचं अलाइनमेंट तरी सरळ असावं.

मे महिना अजून हातात आहे. पाऊस लागण्याआधी तुमच्यापैकी एका तरी वर्कशॉपने सुरुवात करावी : जॉबकार्डवर चार चाकांचे रकाने, प्रत्येकात पॅडची आतली आणि बाहेरची जाडी, टायरचे तीन आकडे, हवेचा दाब, खाली ब्रेक ऑइलमधल्या पाण्याचा टक्का, आणि शेवटी मोजणाऱ्या पोराची सही. सही महत्त्वाची. तिने त्या पोराची किंमतही वाढते आणि जबाबदारीही. हा नमुना मी कागदावर आखून ठेवलाय. जो मागेल त्याला देईन, आणि तुमच्या मुलांना एकदा गाडीखाली बसून दाखवायचं असेल तर एखाद्या रविवारी सकाळी येईन. मानधन नको. एक लिफ्ट आणि पाऊस झेललेली एक गाडी मोकळी ठेवा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मोटार मेकॅनिक)
कोल्हापूर